ताईच्या खुर्चीखालचे ठोकळे

ड्रॉइंगमध्ये नाही ते मी करत नाही. शिस्त म्हणा, खोड म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तीस वर्षांच्या वर सुतारकाम करतोय, त्यातली पंधरा-सोळा वर्षं ठेकेदारी. गिऱ्हाईक मध्येच म्हणतं, "अहो, जाता जाता इथे एक छोटंसं कपाट टाका ना," की मी कागद पुढे करतो आणि म्हणतो, "यात दाखवा." त्यामुळे काही लोक मला फटकळ म्हणतात. म्हणू देत. पण माझं माप चुकत नाही, हे माझ्या वैऱ्यानंही कबूल करावं.

निदान गेल्या वर्षापर्यंत तरी मी हे छातीठोकपणे सांगत होतो. मग ताईच्या ऑफिसचं काम आलं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, उंची पाच फुटांनाही जरा कमीच, आवाज मात्र खणखणीत. एका विमा कंपनीच्या शाखेत ती एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. जिना चढून पहिल्या मजल्यावर आलं, की दाराच्या आत डाव्या हाताला तिचा लाकडी काउंटर. फोन तीच घ्यायची, आलागेला तीच बघायची, कुणाला कुठल्या साहेबाकडे पाठवायचं आणि कुणाला गोड बोलून वाटेला लावायचं, तेही तीच ठरवायची. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. सात-आठ वर्षांनी एखाद्याचा फोन आला तरी तिकडून "हॅलो" झाल्या झाल्या ही म्हणायची, "काय हो, गुडघा कसा आहे आता?" माणूस तिकडे गारच पडायचा.

तो काउंटर मी केलेला. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. वडील अंथरुणाला खिळलेले, घर ताईच्या पगारावर. माझी पहिली हत्यारं, करवत, रंधा, पटाशीचा संच, तिनंच घेऊन दिली. आणि ऑफिसात नवा काउंटर करायचा ठरला, तेव्हा तिनंच साहेबांना सांगितलं, "माझा भाऊ करेल." स्वतंत्रपणे केलेलं ते माझं पहिलं काम. बसवून झाला तेव्हा मी चार वेळा त्याच्यावरून हात फिरवला होता. त्यानंतर जिथे जाईन तिथे सांगायचो, "जाऊन बघा, तीस वर्षं झाली, एक सांधा हललेला नाही."

भावजी, म्हणजे ताईचे यजमान, बस डेपोत फिटर होते. शांत माणूस. मी मापाच्या बढाया मारायला लागलो की ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून हसत म्हणायचे, "हो हो, तुझं माप आम्हाला ठाऊक आहे." मला बरं वाटायचं. ताई त्यांच्याकडे डोळे वटारून बघायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

तर झालं असं, की विमा कंपनीनं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवलं. तिकडे फोन माणूस उचलतच नाही, यंत्रच बोलतं, याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. ताईला हार घातला, निरोपाचं भाषण केलं आणि घरी पाठवलं. पण जागेच्या मालकाला ती माहीत होती. तो म्हणाला, "बाई, नवीन भाडेकरू येईपर्यंत किल्ल्या तुमच्याकडेच असू देत." नवीन भाडेकरू म्हणून पाच तरुण मुलं आली. कुणी फर्निचर डिझाइन करणारा, कुणी कापडावरची नक्षी काढणारी, एक खेळणी बनवणारी, एक फोटोवाला आणि एक दुकानांच्या पाट्यांची अक्षरं काढणारी. या पाचांना त्या ऑफिसचा सामायिक स्टुडिओ करायचा होता. बारा जणांची सोय, पाच हे आणि सात जागा यांच्यासारख्याच इतरांना भाड्यानं. किल्ल्यांबरोबर ताईही त्यांच्या पदरी पडली. "काम पुरं होईपर्यंत राहा, मावशी," असं त्यांच्यातला पुढारी म्हणाला. गोल काचांचा चष्मा लावणारा पोरगा. मी त्याला चष्मेवाला म्हणतो.

आणि ताईनं पुन्हा तेच केलं. "माझा भाऊ करेल," म्हणाली.

खरं सांगतो, मला त्या वेळी कामाची फार गरज होती. आठ महिने हातावर हात धरून बसलो होतो. लोक तयार फर्निचर खोक्यातून आणतात आणि सोबतच्या किल्लीनं स्वतःच पिळून उभं करतात, माझ्यासारख्याला विचारतो कोण? चिडचिड इतकी वाढली होती की बायको म्हणायची, "जा, ताईंकडे तरी जाऊन बसा." मी जायचो आणि तिथे जाऊनही नुसता बसायचो.

एके दिवशी ताईच घरी आली. पिशवीतून गुंडाळी काढली आणि म्हणाली, "हे घे ड्रॉइंग. सोमवारी ये बघायला. आणि दाढी कर."

ती गेल्यावर मी जमिनीवर कागद पसरला. चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि वाचायला लागलो. केबिनी सगळ्या जाणार. मधोमध एकच लांब टेबल. खिडक्यांकडे उभ्यानं काम करायची फळी. मागच्या बाजूला कापाकापीची खोली. एका भिंतीला कागद टाचायला मऊ बोर्ड. दाराच्या आत डाव्या हाताला एक कुंडी आणि तिच्याशेजारी लहान बाक.

काउंटर नव्हता. मी कागद उलटासुलटा करून पाहिला. बारा जागा मोजल्या, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: कुणालाही ठरलेली जागा नाही, जो येईल त्यानं मोकळ्या जागी बसावं. तेरावी जागा कुठेही नव्हती.

"ताईंना सांगा," बायको म्हणाली.

"तिला ड्रॉइंगमधलं काय कळतंय?" मी खेकसलो. "आणि आत्ता सांगून काय करू? काम सोडू?"

"मी सोडा म्हणाले का? सांगा म्हणाले."

मी नाही सांगितलं. काम होऊ दे, मग बघू, असं म्हणून मूग गिळून बसलो. सोमवारी दाढी करून गेलो. त्या दिवसापासून ते ड्रॉइंग मी सदऱ्याच्या आत घालून फिरायचो. ताई समोर आली की घडी घालायचो. माझे दोन कारागीर आहेत, जुने, त्यांनाही दम भरला होता की बाईंसमोर कागद उघडायचा नाही.

तोडफोड सुरू झाली. आधी फॉल्स सीलिंग उतरवलं. वर इतकी धूळ होती की पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो. मग केबिनी. साहेबांच्या केबिनीचं दार काढलं तेव्हा ताई येऊन उभी राहिली. म्हणाली, "या दाराबाहेर किती जणांनी घाम पुसलाय, तुला सांगते." भिंत पडली तशी खिडकीतला उजेड जिन्यापर्यंत आला. मला आवडलं ते. तोंडावर नाही सांगितलं, पण चष्मेवाल्याच्या डोक्यात काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

काउंटर मात्र मी टाळत होतो. आज वायरिंग आहे, उद्या खिडक्या आहेत, असं करत पंधरा दिवस काढले. शेवटी ताईच म्हणाली, "अरे, हा कधी तोडणार आहेस? त्याच्यापायी फरशीवाला खोळंबलाय."

तिनं खण रिकामे केले. टाचण्यांची डबी, चष्म्याचं जुनं घर, आवळलेल्या रबरांचा गोळा. हे सगळं पिशवीत भरून ती गच्चीवर वाळत घातलेली फडकी आणायला गेली. मी तिची खुर्ची ओढली, तर ओढली जाईना. वाकून बघतो तर चारी पायांखाली चार ठोकळे. शिसवीसारखं घट्ट लाकूड, वर पायाच्या आकाराची खोबण, म्हणजे खुर्ची घसरायला नको. हौसेनं, बेतानं केलेलं काम. आणि काउंटरच्या आत, पाय ठेवायच्या जागी, दोरीनं बांधलेला जाडजूड गठ्ठा. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या होत्या, वरची टाचांनी घासून पार गुळगुळीत झालेली.

मला आधी कळेना. मग टेप काढला. ठोकळा तीन इंच. काउंटरची आतली, लिहायची फळी जमिनीपासून बत्तीस इंच. बत्तीस! लिहायची फळी एकोणतीसला असते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि ताईसारख्या ठेंगण्या बाईला तर त्याहूनही खाली हवी. मी खाली बसलो आणि आठवायला लागलो. त्या वेळी ऑफिसात खुर्ची आली नव्हती. मी रंगाचा डबा पालथा घातला, त्यावर स्वतः बसलो, स्वतःचं कोपर मोजलं आणि लाकूड कापलं. माझी उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. वीस वर्षांचा होतो, शहाणा होतो, मला कुणाला विचारायची गरज वाटली नव्हती.

ताई फडकी घेऊन आली. मी ठोकळा हातात धरून तसाच बसलो होतो.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या भावजींनी. डेपोत. काउंटर बसवला त्याच आठवड्यात."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तू सगळ्या ऑफिसला हाताला धरधरून काउंटर दाखवत होतास. साहेबांनासुद्धा! इतका खूश मी तुला त्याआधी बघितला नव्हता."

"अगं, मग नंतर सांगायचंस! एकतीस वर्षं?"

"नंतर सवय झाली," ती म्हणाली. "फक्त पाय खाली टेकायचे नाहीत. म्हणून डिरेक्टऱ्या. आता त्याही छापायच्या बंद झाल्या, म्हणून या शेवटच्या जपून ठेवल्या होत्या." आणि वर हसली.

तिचे गुडघे गेली दहा वर्षं दुखतात. डॉक्टर म्हणाले होते, बसण्यात काहीतरी चुकतंय. मीच तिला घेऊन गेलो होतो त्यांच्याकडे. मी दवाखान्यात सांगितलं होतं, "डॉक्टर, बसायची सोय एकदम उत्तम आहे, काउंटर मी स्वतः केलाय." आठवलं आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भावजी इतकी वर्षं का हसत होते, तेही त्याच क्षणी डोक्यात शिरलं.

काउंटर तोडला. सांधे खरंच हलले नव्हते, घाम काढला त्यांनी माझा. फळ्या बाजूला रचून ठेवल्या. ठोकळे माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकले.

फरशी झाली, भिंतींना चुन्यासारखा पांढरा रंग झाला आणि हॉल मोकळा उभा राहिला. आता टेबलं करायला घ्यायची, तर चष्मेवाला म्हणतो, "काका, थांबा. तीन दिवस आम्ही यात राहून बघणार."

"यात म्हणजे कशात? इथे काय आहे?"

त्यानं रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं काढली. पाचही जणांनी मिळून अख्खं ड्रॉइंग जमिनीवर चिकटवलं, खऱ्या मापानं. निळी पट्टी म्हणजे टेबल, पिवळी म्हणजे कपाट, लाल म्हणजे भिंत, लाल पट्टीत फट म्हणजे दार. तीन दिवस या रेघांमध्ये घडीच्या खुर्च्या टाकून काम करायचं, कुठे अडतं ते बघायचं आणि मगच लाकूड कापायचं. त्यांची कामाची पद्धतच ती. मी आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं. "भातुकली चाललीय," मी कारागिरांना म्हणालो. पण मनातून चांगलाच टरकलो. कागद सदऱ्यात लपवता येतो, जमीन कुठे लपवू?

ताई आली. चपला काढल्या, दारात उभी राहिली आणि डावीकडे बघितलं. तिथे हिरव्या पट्टीचं एक वर्तुळ होतं, कुंडीचं, आणि एक अरुंद चौकोन, बाकाचा. तिनं संपूर्ण हॉलवरून एकदा नजर फिरवली. माझ्याकडे बघितलं. मी टेप उघडायला लागलो, बंद करायला लागलो.

त्या दिवशी ती बसलीच नाही.

मी घडीची खुर्ची नेऊन दिली. "कुठे टाकू?" म्हणाली. "हे टेबल त्यांचं आहे. ही वाट आहे. इथे कुंडी आहे."

"अगं बाई, पट्ट्या आहेत त्या! बस कुठेही!"

"ते पट्ट्यांमध्ये राहून बघतायत ना? मग मीही बघते."

आणि खरंच तिनं सगळं तसंच्या तसं मानलं. लाल रेघ कधी ओलांडली नाही. मागच्या खोलीत जायचं तर वळसा घालून, दाराच्या फटीतूनच. पार्सल घेऊन आलेला माणूस सरळ रेघेवरून चालायला लागला तर म्हणाली, "अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे." पोरं हसली. त्यांना वाटलं, मावशी गंमत करतायत. दिवसभर फोन तिनंच घेतले, येणाऱ्याजाणाऱ्याला तिनंच हाताळलं, सगळं उभ्यानं. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी जिना उतरताना ती कठड्याला धरून एक एक पायरी बाजूनं उतरत होती. तळपायाची आग मस्तकाला गेली माझी.

"कशाला हा हट्ट? कुणाला दाखवतेस?"

"हट्ट कसला? जिथे माझी जागा नाही तिथे चोरून बसायचं नाही मला."

"मग बोल ना त्यांच्याशी!"

"तू बोललास का?" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाला म्हणाला, अजून एक दिवस वाढवूया, कापाकापीच्या खोलीचं नीट जमत नाहीये. त्या तिसऱ्या दिवशीही ताई उभीच होती.

चौथ्या दिवशी ती आली नाही. भावजींचा फोन आला, गुडघा टम्म सुजलाय, पाऊल टेकवत नाही.

आता खोटं कशाला बोलू, ताई नाही म्हणून आभाळ कोसळलं नाही. शटर उघडेना, डावीकडून गुडघ्यानं जरा रेटावं लागतं, ते मी उघडून दिलं. फोन वाजला की कुणीतरी मान वर करून दुसऱ्याकडे बघायचं, आणि तोवर तो थांबायचा. बाकी काम चाललं होतं. अकराच्या सुमारास एक म्हातारीशी बाई जिना चढून आली. हातात कापडी पिशवी, धाप लागलेली. दारात उभी राहिली. समोर सगळ्या जमिनीवर रंगीत रेघा, आणि कानात गाणी घालून खाली माना घातलेली पाच डोकी. पाऊल कुठे टाकावं ते तिला कळेना. दोनतीन मिनिटं उभी होती. मी शिडीवर होतो. मला दिसत होती. माझ्या मनात आलं, हे काही माझं काम नाही. बाई आल्या पावली परत गेली.

दुपारी अक्षरवालीनं घड्याळ बघितलं. ती या पाचांत सगळ्यांत कमी बोलणारी. "एक बाई येणार होत्या," ती म्हणाली. "शिलाईच्या दुकानाची पाटी करायचीय त्यांना. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिवलं, आता स्वतःचं काढतायत. परवा मावशींशीच बोलणं झालं होतं त्यांचं."

"आल्या होत्या," मी वरूनच म्हणालो. "गेल्या."

"गेल्या? कुणी बोललं नाही त्यांच्याशी?"

कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. अक्षरवाली पेन खाली ठेवून चष्मेवाल्याकडे वळली. "मावशींची जागा कुठे आहे रे यात?"

"कुणाचीच ठरलेली जागा नाहीये," तो म्हणाला. "तोच तर मुद्दा आहे. आणि मावशी तर काम पुरं होईपर्यंतच..." पुढे तो अडखळला. वाईट पोरगा नाही तो. त्यानं विचारच केला नव्हता. "आणि एक जागा दिली तर अकराच उरतात. बारा जागांवर सगळं बसवलंय आपण."

मी शिडीवरून उतरलो. राग त्याचा होता की स्वतःचा, देव जाणे. पेटी उघडली, चारी ठोकळे काढले आणि त्याच्या निळ्या रेघेच्या आत, त्याच्या टेबलावर म्हणजे जमिनीवर, एकापुढे एक मांडले.

"हे काय आहे, काका?"

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "तो जुना काउंटर मी केला होता. कुणासाठी करतोय तिला न विचारता, न बघता, स्वतःच्या मापानं केला. तीन इंच उंच. माझ्या बहिणीनं एकतीस वर्षं या ठोकळ्यांवर खुर्ची ठेवून काढली, पाय लोंबकळत ठेवून, आणि मला कळू दिलं नाही. गुडघे गेले तिचे. हे ड्रॉइंग तुम्ही छान केलंय, मी खोटं बोलणार नाही. पण ज्या बाईनं तुम्हाला दार उघडून दिलं, तिला तुम्ही बघितलंच नाहीत. आणि मी बघून गप्प बसलो, कारण मला काम हवं होतं. आता जे सांगायचं ते तिला नीट तोंडावर सांगा, राहा तर राहा, जा तर जा. पण तिला उभी ठेवू नका."

एवढं मी कुठल्याही गिऱ्हाइकाला कधी बोललेलो नाही. चष्मेवाला बराच वेळ ठोकळ्याच्या खोबणीवर अंगठा फिरवत होता. "उत्तम काम आहे हे," एवढंच म्हणाला. मी पेटी उचलली आणि घरी गेलो. बायकोला सांगितलं, "काम गेलं बहुतेक." ती म्हणाली, "जाऊ दे," आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर शटर आधीच उघडलेलं. पाचही जण आत. रात्रभर भांडले असावेत असे चेहरे, पण तो त्यांचा प्रश्न. दाराच्या आत डाव्या हाताला हिरवं वर्तुळ नव्हतं. कुंडी खिडकीकडे सरकली होती. तिथे निळ्या पट्टीचा एक चौकोन होता, आणि त्यात अक्षरवालीनं खडूनं, पाटीवर काढते तसल्या सुबक अक्षरांत, एकच शब्द लिहिला होता: मावशी.

मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "काय रे, दम का लागलाय?" मी म्हणालो, तुला जागा दिलीय. तिनं विचारलं, "तिथून दार दिसतं का?"

दोन दिवसांनी सूज उतरल्यावर भावजी तिला घेऊन आले. ती चौकोनाच्या कडेला थांबली, खडूचं अक्षर वाचलं, आणि पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "एक फूट इकडे घ्या. इथून जिना दिसत नाही." चष्मेवाल्यानं गुडघ्यांवर बसून पट्टी उखडली आणि एक फूट इकडे चिकटवली. मी तिची जुनी खुर्ची आणून आत ठेवली, ठोकळ्यांशिवाय. ती बसली. पाय जमिनीला टेकले.

"हलू नकोस," मी म्हणालो आणि टेप काढला. जमिनीपासून गुडघा, जमिनीपासून कोपर. जुन्याच काउंटरच्या फळ्यांतून करणार होतो नवा. मी खाली वाकलेलो असताना ती हळूच म्हणाली, "तू ते ड्रॉइंग सदऱ्यात घालून फिरायचास ना, उगाच फिरायचास."

"म्हणजे?"

"अरे, झेरॉक्स कुणी काढून आणली होती तुझ्यासाठी? एकतीस वर्षं मी त्या दारातून आत येतेय, दार कुठलं आणि डावी बाजू कुठली हे मला कागदावर कळणार नाही? पहिल्याच दिवशी बघितलं मी. माझा काउंटर नव्हता."

"मग ते मला का आणून दिलंस?"

"आठ महिने तू येऊन माझ्या पुढ्यात नुसता बसायचास," ताई म्हणाली. "मला बघवत नव्हतं."

भावजी खिडकीतून बाहेर बघत होते. या वेळी ते हसले नाहीत. मला रडू आलं. पाच पोरांच्या देखत, एक्कावन्नाव्या वर्षी, टेप हातात धरून रडलो मी.

तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "बास. माप नीट घे," म्हणाली. "या वेळी उंच झाला तर मी सांगणार आहे हं."

कोपर सव्वीस इंचांवर भरलं. मी पुन्हा मोजलं.